गिटारच्या पोटात मोजा

मोजा घालायचं ठरवलं तेव्हा तो एकच होता आणि माझाच होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात या प्रकरणाची जी हकीकत सध्या फिरते आहे तिच्यात मोज्यांचा ढीग असतो, आणि आर्डिथ (माझी बायको) रंगात आली की त्यात स्वतःचा लोकरी स्कार्फही घालते. स्कार्फ नव्हता. म्हणजे विचार झाला होता, पण तो गिटारच्या खाचेतून आत जाईना.

गिटार मुळात माझ्या सासऱ्यांची. होबार्ट त्यांचं नाव. त्यांचा निम्मा जन्म कोळशाच्या खाणीत गेला आणि उरलेला या गिटारवर. आमच्या ग्रीन नदीच्या पट्ट्यात अंगठ्यानं खर्ज धरायचा आणि बोटांनी वरची चाल वाजवायची, अशी रीत आहे. नीट जमलं तर एकटा माणूस दोघांसारखा ऐकू येतो. होबार्ट वाजवायचे तेव्हा तिघं बसलेत असं वाटायचं. मी वाजवतो तेव्हा दोघंच असतात, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

सांधे धरले तसं सासऱ्यांनी वाजवणं सोडलं आणि गिटार मुलाला न देता मला, जावयाला दिली. मुलगा म्हणजे रॉस्को. त्याचं भाजलेल्या मटणाचं हॉटेल आहे आणि त्याला ती गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगायची होती, हरणाच्या मुंडक्याशेजारी. ‘वाजणारी वस्तू भिंतीवर जाऊ नये,’ एवढंच सासरे तेव्हा म्हणाले. मला फार भरून आलं होतं. मी पाणीपट्टीच्या कचेरीतला कारकून, लोक माझ्या हातात काही विश्वासानं देत नाहीत, बिल भरतानासुद्धा दोनदा मोजतात.

आता ही गिटार विजेची असली तरी आतून पूर्ण पोकळ आहे. लालसर, मोठ्या पोटाची, आणि त्या पोटावर व्हायोलिनला असतात तशा दोन नागमोडी खाचा. पोकळ गिटार बाळगणारा माणूस ती वाजवतो कमी आणि उघडतो जास्त. मीही काही कमी केलं नाही. तिची बटणं बदलली. मग तारा जिथं अडकवतात ती साधी पट्टी काढून तिथं चकचकीत दांडा बसवला, तो दाबला की सूर थरथरतो. (न दाबताही थरथरतो, पण तो दोष बहुधा माझ्या हाताचा.) तो दांडा पाहून, त्यांच्या गाईची शिंगं मी रंगवून आणल्यासारखा सासऱ्यांचा चेहरा झाला होता.

पोकळ गिटारचा एक मोठा दुर्गुण असतो. आवाज वाढवला की अँप्लिफायरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, तिथं घुमतो, परत बाहेर येतो, आणि बघता बघता गिटार आपण होऊन हंबरायला लागते. गेल्या वर्षी ती चर्चच्या होमकमिंगला हंबरली. होमकमिंग म्हणजे गावाबाहेर गेलेले सगळे त्या रविवारी परत येतात, चर्चमागच्या मांडवात जेवणं होतात, गाणी होतात आणि वर्षभरात गेलेल्या माणसांची आठवण काढतात. ती आठवण काढत असतानाच ती हंबरली. कुंपणापलीकडच्या गाईंनी माना वर केल्या, एकीनं उत्तर दिलं, आणि मग सगळ्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्या सासऱ्यांना कमी ऐकू येतं, पण तेवढं आलं.

‘यंदा झालं ते झालं,’ ते सगळ्यांदेखत म्हणाले. ‘पुढच्या वर्षी हंबरली तर रॉस्कोच्या भिंतीवर. तिथं निदान गप्प तरी बसेल.’

रॉस्कोनं दुसऱ्याच दिवशी भिंतीला खिळा मारला.

आणि या वर्षीच्या फेब्रुवारीत माझ्या सासूबाई, वेल्मा, गेल्या. त्यामुळे यंदाची होमकमिंग साधी नव्हती, आणि म्हणूनच मी मोज्याकडे वळलो. पोटात कापड कोंबलं की हंबरणं थांबतं, हे आमच्याकडे प्रत्येकाला माहीत आहे. कुणी फोम घालतं, कुणी जुना टॉवेल. मी रविवारचा काळा मोजा घेतला, गुंडाळी केली आणि खाचेतून आत सारली. टोक बाहेर राहू द्यायचं असतं, म्हणजे हवं तेव्हा ओढून काढता येतं. माझं टोक आत गेलं.

तिथं थांबलो असतो तर ही कथा झाली नसती. पण मोजा आत घरंगळायचा, गिटार तिरकी केली की पोटात काहीतरी सरपटल्यासारखं व्हायचं. मी कपड्यांचा तारेचा हँगर सरळ केला, त्याला आकडा केला आणि मासा धरावा तसा तो मोजा धरायला बसलो. काहीतरी लागलं. ओढलं. मोजा नव्हता, आवाजाच्या बटणाची वायर होती, आणि ती तुटून आली.

आता पोकळ गिटारची गंमत ही की तिला मागून झाकण नसतं. आतलं सगळं, म्हणजे बटणं, वायरी, जिथं प्लग खुपसतात ती खोबण, हे सगळं त्याच दोन बोटांच्या खाचेतून बाहेर काढायचं आणि दुरुस्त करून तिथूनच परत आत न्यायचं. ज्यानं ही रचना केली तो माणूस एक तर फार लहान हाताचा असावा किंवा फार दुष्ट. मी गिटार जेवणाच्या टेबलावर आडवी घातली, आणि तेव्हापासून आम्ही दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो.

सगळ्या तारा एकदम काढू नयेत, हेही मला माहीत होतं. तारांखालची लाकडी घोडी चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबावरच उभी असते. तारा काढल्या की घोडी पडते, आणि केसभर जरी इकडेतिकडे बसली तरी सगळे सूर खोटे. म्हणून मी घोडीच्या चारही बाजूंनी पेन्सिलनं बारीक रेघा मारून घेतल्या, तारा काढल्या आणि मोठ्या समाधानानं कामावर गेलो. आलो तो गिटार आरशासारखी लखलखत होती. लिंबाचा वास येत होता.

आर्डिथ म्हणाली, ‘डॅडी येणारेत आज टोमॅटो घेऊन. म्हटलं, त्यांच्या गिटारवर ही घाण कसली. काय गिरवून ठेवलं होतंस रे?’

लग्नाला पुष्कळ वर्षं झाली की माणसाला बोलण्याआधीच दमायला होतं. मी फक्त खुर्चीवर बसलो, आणि नेमका तेव्हा सासऱ्यांचा ट्रक दारात आला. टेबलावर चादर टाकायला जेमतेम वेळ मिळाला. सासरे टोमॅटोची पाटी त्या चादरीवरच ठेवत होते, ती मी वरच्यावर झेलली. ते बसले, कॉफी प्यायले, पावसापाण्याचं बोलले. निघताना दाराशी थांबले.

‘वर्लिन,’ ते म्हणाले, ‘वेल्माला ते नदीचं भजन आवडायचं. रविवारी त्याचं तिसरं कडवं कुणी गाऊ नये असं वाटतं. नुसती गिटार वाजू दे. मीच वाजवलं असतं, पण हे बघ.’ त्यांनी हात पुढे केला. बोटं मिटत नव्हती.

‘वाजवतो की, पॉप,’ मी म्हणालो. चादरीखाली त्यांच्या गिटारचं सगळं आतडं टेबलावर पसरलेलं होतं. मला माझीच लाज वाटली.

मग मात्र मी मनापासून बसलो. तुटलेली वायर डाख देऊन बटणाला जोडली. आर्डिथच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणला, प्रत्येक बटणाला एकेक दोरा बांधला, दोऱ्याची टोकं वरच्या भोकांतून ओवून घेतली आणि बटणं खाचेतून आत सोडून दोऱ्यानं वर ओढू लागलो. आवाजाचं बटण वर आलं की प्लगची खोबण आत पडायची. खोबण धरली की बटण बुडायचं. दोरे एकमेकांत गुंतले. शेवटी हिरवा दोरा ओढला तेव्हा मोजा वर आला. इतक्या दिवसांनी तो स्वतःहून भेटायला आलेला पाहून मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मी त्याला परत आत ढकललं आणि सोबतीला आणखी तीन धाडले. घोडी कानानं ऐकत, जरा पुढे, जरा मागे करत बसवली. त्या आठवड्यात आमच्या घरात एकच सूर इतक्या वेळा वाजला की आर्डिथ बहिणीकडे चादर शिवायला निघून गेली. ती चादर पूर्ण झाली आहे.

रविवारी मी दोन रंगांचे मोजे घालून होमकमिंगला गेलो. (जोडीचे कुठे होते ते तुम्हाला माहीत आहे.) मांडवात भाजलेलं मटण, उकडलेल्या अंड्यांची ताटं, केळ्याचं पुडिंग, सगळं मांडलं होतं. रॉस्को पदरचं मटण घेऊन आला होता आणि माझ्याकडे बघून उगाच हसत होता. मी अँप मागे ठेवला, मांडवात विजेचा एकच बोर्ड आहे त्यात प्लग घातला आणि हळूच एक तार छेडली. गोल, भरदार सूर आला. हंबरण्याचं नाव नाही. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

पास्टरनी लांबलचक प्रार्थना केली. सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. प्रार्थना संपली, चर्चमध्ये भजनं सुरू करून देणाऱ्या मिस इमोजीननी वर आवाज लावला (त्यांचा आवाज शेजारच्या जिल्ह्यात पोचतो) आणि सगळे ते नदीचं भजन गायला लागले. मी अंगठा टाकला. काहीच आलं नाही.

बटण फिरवलं. तरी नाही. वायरीला दिलेला माझा डाख सुटला, हे मी ओळखलं. मागे वळून बघावं तर सगळ्यांना कळणार, थांबावं तर रॉस्कोचा खिळा डोळ्यांसमोर. मी हात हलवत राहिलो. पहिलं कडवं मिस इमोजीननी सांभाळलं, दुसरंही सांभाळलं. मग तिसरं आलं आणि ठरल्याप्रमाणे सगळे गप्प झाले.

मी वाजवलं. चार मोजे पोटात असलेली गिटार विजेवाचून जेवढी वाजते तेवढीच ती वाजली, म्हणजे मलाही ऐकू येत नव्हती. मांडवाचं कापड फडफडत होतं. एक गाय शांतपणे चरत होती. मी मान खाली घातली होती, वर बघायची छातीच होत नव्हती. आता कुणीतरी हसेल, आता रॉस्को काहीतरी बोलेल, असं वाटत होतं. कुणीतरी नाक ओढलं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तर पास्टरनी टोपी काढून छातीशी धरली होती. मिस इमोजीनचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. त्यांना वाटलं होतं की हे कडवं वेल्मासाठी मुद्दामच मुकं ठेवलं आहे.

शेवटचं कडवं लोकांनी इतकं हळू आवाजात गायलं की मलाही रडू आलं. माझ्या रडण्यात अर्धी वेल्मा होती आणि अर्धी सुटका.

जेवणाआधी सासरे माझ्याकडे आले. गिटारच्या पोटावर त्यांनी तो न मिटणारा हात ठेवला.

‘वाजवायला काय, सगळ्यांना येतं, पोरा,’ ते म्हणाले. ‘कुठं गप्प बसावं ते मला उभ्या जन्मात कळलं नाही. ही तुझी. आता कुणाच्या बापाची नाही.’

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण त्यांचे डोळे भरलेले होते, आणि मागून रॉस्को येऊन माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला की शनिवारी हॉटेलात येऊन अगदी असंच वाजवत जा, गिऱ्हाइकांना आपसात बोलता येईल. मी तोंड मिटलं आणि पुडिंग घेतलं.

घरी आल्यावर गिटार परत टेबलावर ठेवली. आता पुन्हा दोरे, पुन्हा हँगर, पुन्हा मांडीवर ताट. तरी नेमकं कुठं तुटलंय ते बघावं म्हणून प्लग घातला आणि तार छेडली. सूर खणखणीत आला. बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. सूर भिंतींपर्यंत भरला, पण हंबरला नाही.

‘आर्डिथ,’ मी हाक मारली, ‘सकाळी अँपला वीजच नव्हती काय गं?’

‘कशी असेल? तो प्लग काढून मी कॉफीचं मोठं भांडं लावलं ना,’ ती स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘प्रार्थनेच्या वेळी. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, म्हटलं कुणाला त्रास नको.’

‘मग मला सांगायचं नाही?’

‘सांगणार होते रे. पण तू इतकं छान वाजवत होतास.’

मी गिटार मांडीवर घेतली आणि वेल्माचं ते तिसरं कडवं सुरू केलं. खर्ज खालून चालत होता, चाल वरून वाहत होती, दोघांचं जन्मात पहिल्यांदा पटलं होतं. सासरे इथं हवे होते असं फार वाटलं. कडवं संपत आलं होतं तेवढ्यात स्वयंपाकघरातली भांडी थांबली. मी वाट पाहिली.

‘वर्लिन,’ आर्डिथ दमलेल्या आवाजात म्हणाली, ‘सकाळी मांडवात वाजवलंस ना, तसं वाजव.’

मी उठलो, प्लग काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.