विमानाचं तोंड

'चक्क लोहटां' या आमच्या गावात घराला घरपण येतं ते छतावर विमान बसलं की. पाण्याच्या टाक्या साऱ्या पंजाबात असतात. आमच्याकडे त्या विमानाच्या आकाराच्या असतात. घरातला एक परदेशी गेला की छोटं विमान, दोघे गेले की खिडक्यांचं, आणि सगळं घर गेलं, दाराला कुलूप लागलं, की चार इंजिनांचं. पाणी प्यायला मागे कोणी नसतं, पण टाकी भरलेलीच ठेवतात. रिकामं विमान उडालेलं गावाला खपत नाही. कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. 'बाहेर' म्हणायचं. देशाचं नाव विचारणारा माणूस आयकर खात्याचा समजला जातो.

ही विमानं बांधणारा गवंडी मी. नाव उजागरसिंग, पण लहानथोर सगळे ताया, म्हणजे थोरला काका, म्हणतात.

शेजारची किरत ही गावातली सगळ्यांत विचित्र मुलगी. तिला बाहेर जाऊन जनावरांच्या बाळंतपणाचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि (सांगताना मलाही संकोच होतो) शिकून परत यायचं होतं. तिच्या दारी अकरा म्हशी. डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत एका वर्षात तीन गाभण म्हशी दगावल्या होत्या. शिकत असताना पोटापुरतं काम करीन, दोन वर्षांत परतेन, असं तिनं अर्जात लिहिलं. तिच्या बापानं मात्र माझ्याकडून विमान आगाऊच बांधून घेतलं होतं.

वकिलातीचं उत्तर आलं: 'अर्जदार शिक्षणानंतर मायदेशी परतेल याविषयी अधिकाऱ्यांची खात्री पटत नाही. सबब अर्ज नामंजूर.'

कागद घेऊन आम्ही चमकौर सल्लागाराकडे गेलो. त्याचं दुकान बाजारात, जिलबीवाल्याच्या माडीवर. त्याचा स्वतःचा अर्ज सहा वेळा फेटाळला गेला होता. त्यामुळे या विषयात त्याच्याइतका अनुभवी माणूस जिल्ह्यात नव्हता.

"घराचा फोटो कोणी जोडला?" त्यानं विचारलं.

"मीच," किरत म्हणाली. "घर आहे म्हणजे परत येणार, हे दिसावं म्हणून."

"आणि छतावर काय दिसतंय? विमान! त्याचं तोंड कुठे? वेशीबाहेर! अगं, तुझं घरच उडायला निघालंय. मुलगी परत येईल, हे साहेबानं मानायचं कसं?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताया, तोंड फिरवा."

विमान फिरवणं म्हणजे पगडी फिरवणं नव्हे. नऊ दिवस लागले. खाली चाकंही बसवून दिली, म्हणजे ते उतरतंय याबद्दल शंका नको. बातमी पसरली. हाताखाली आठ गवंडी लावून दोन महिन्यांत गावातल्या त्रेचाळीस विमानांची तोंडं मी आत वळवली. परक्या माणसाला वाटावं, चक्क लोहटांवर हवाई हल्ला झालाय.

किरतला दुसरं उत्तर आलं: 'सोबतच्या फोटोतील विमान उतरत आहे, हे मान्य. तथापि, सदर गावात आजवर कोणी उतरल्याचा पुरावा जोडलेला नाही.'

"गावात परत आलेलं आहे का कोणी?" चमकौरनं विचारलं. किरत माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीतून खाली जिलबीवाल्याकडे.

आलो होतो मी. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. बाहेर गेल्यावर अकराव्या महिन्यात, दुसऱ्याच्या नावाच्या कागदांवर राहून बटाटे तळताना सापडलो आणि दोन शिपायांनी मला विमानातल्या खुर्चीपर्यंत सन्मानानं पोचवलं. तेव्हापासून गावानं मला मुलगी दिली नाही. कोणी बाहेर जायला निघालं की मला परसात बसवून ठेवत, आडवा जाऊ नये म्हणून.

आता त्याच गावच्या पंचायतीनं दाखला दिला: 'श्री. उजागरसिंग यांनी मातृभूमीच्या ओढीने परदेशवासाचा त्याग केला.' शिपायांचा उल्लेख जागेअभावी राहिला.

चमकौरनं दाखल्याच्या प्रती काढल्या. महिनाभरात मी एकतीस अर्जदारांचा सख्खा काका, मामा नाहीतर आजोबा झालो. एकीनं तर मला आपला वारलेला आजा केलं. तिच्यासाठी मी हयात असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. 'परतण्याची कौटुंबिक परंपरा' सिद्ध झाली. एकतीसच्या एकतीस मंजूर.

किरत तेवढी अडून बसली. "मी काका नाही लिहिणार. शेजारी लिहीन."

"पोरी, एका शब्दानं काय बिघडतं?"

"ताया, म्हशीला गाय म्हटलं म्हणून तिचं काही बिघडत नाही. पण धार मला काढायची असते."

मुलाखतीत ती वीस मिनिटं म्हशींवर बोलली. तिसरं उत्तर आलं: 'अर्जदार परतण्याविषयी इतक्या तळमळीने बोलते की तिचा जाण्याचा हेतू खरा वाटत नाही. सबब अर्ज कायमचा निकाली.'

"तरी सांगत होतो, खरं बोलू नकोस," चमकौर हळहळला. "फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही!"

त्याच आठवड्यात मला एक पाकीट आलं. एकाच माणसाच्या आदर्शानं एकतीस कुटुंबांत परतीची निष्ठा रुजली, याची तिकडच्या एका संस्थेनं दखल घेतली होती. नव्या विद्यार्थ्यांपुढे 'मी का परतलो' या विषयावर भाषणाचं निमंत्रण होतं. माझा व्हिसा चार दिवसांत आला. पुरावा मागितला नाही. पुरावा मीच होतो.

माझी भूरी म्हैस किरतच्या गोठ्यात बांधली. तिनंच मला विमानतळावर सोडलं.

"ताया, परत याल ना?"

"शंका घेतेस? पंचायतीचा शिक्का आहे माझ्यावर!"

तिनं विश्वास ठेवला. खरं बोलणाऱ्यांना ही खोड असते.

भाषण छान झालं. त्याला आता तिसरा हिवाळा चालू आहे. माझ्या एकतीस भाचे-पुतण्यांपैकी एकाची इथे खाणावळ आहे. बटाटे मी तळतो. किरतच्या कमरेला गावातल्या बंद घरांच्या किल्ल्या आहेत. ती टाक्या भरते आणि तोंड आत केलेल्या विमानांवरची कबुतरं हाकलते. परवा तिचा निरोप आला: "ताया, तुमची भूरी गेली. रेडकू पोटात आडवं आलं होतं. डॉक्टर पोचला तेव्हा थंड झाली होती. हात कसा घालायचा, एवढंच शिकायचं होतं मला."

मी तळण उतरवून थोडा वेळ बाहेर बर्फात उभा राहिलो. मग आत आलो. गिऱ्हाईक होतं.

म्हातारा लबाड निघाला, म्हणाल. खुशाल म्हणा. पण 'दोन वर्षं शिकतो आणि परततो' असं लिहून देऊन तुमच्याही घरातलं कोणी गेलंच असेल. त्या कागदाच्या तळाशी पालकांच्या सहीला जागा असते. सही कोणाची आहे, एकदा बघून घ्या. आणि ती करताना तुमचं तोंड कुठल्या दिशेला होतं, तेही आठवा.