बटण जरा सौम्य करा

दुपारी साडेतीन वाजता बाबांना वाटलं, बटणाचा निळा रंग जरा सौम्य हवा. एवढंच.

खरं तर दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेबसाइट त्यांनी गुरुवारीच पुरी केली होती. बाई फोनवर म्हणाल्या होत्या, “झकास! आता एक ठिपकाही हलवू नका. शनिवारी पाचला दवाखाना सुरू होतोय, तेव्हा हीच लावू.” (शनिवार म्हणजे आज.) पण स्वस्थ बसणं बाबांच्या रक्तातच नाही.

ते संगणकातल्या एआयशी फार अदबीनं बोलतात. (आईशी बोलतात त्यापेक्षा कितीतरी जास्त.) “कृपया बटण किंचित सौम्य करावे,” त्यांनी लिहिलं.

“जरूर!” म्हणत एआयनं बटण सौम्य केलं आणि उत्साहाच्या भरात अख्खं पान गुलाबी करून टाकलं.

“कृपया पूर्वीसारखे करावे.”

“जरूर!” पान पूर्वीसारखं झालं, पण ते एआयच्या कल्पनेतलं ‘पूर्वी’. त्यात अपॉइंटमेंटचा रकानाच नव्हता. पुढच्या खेपेला रकाना आला, तर फोन नंबर गेला. बाराव्या खेपेला पडद्यावर एक हसरी बाई उगवली. बाबांनी तिचे दात मोजले. बेचाळीस!

साडेचार वाजले आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुवारची प्रत त्यांनी जपून ठेवलीच नव्हती. ठेवायची तर आधी ‘काय बदललं?’ या चौकटीत दोन ओळी लिहाव्या लागतात, आणि बाबांचं म्हणणं, “माझ्या सगळं लक्षात असतं.”

“अगं, गेलं! सगळं गेलं!”

आई नुकतीच हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून आली होती. ती वॉर्डात सिस्टर आहे, त्यामुळे असल्या आरोळ्यांनी ती धावत नाही. हात पुसत आली.

“अहो, कोण गेलं?”

“गुरुवारची वेबसाइट!”

“ती? ती आहे की.” आईनं जुन्या प्रतींची यादी उघडली. “फोन वाजला की तुम्ही ती चौकट तशीच उघडी टाकून उठता. रिकामा रकाना दिसला की मला राहवत नाही. वॉर्डात असा सोडला असता तर मेट्रननं सोलून काढलं असतं. मी भरते आणि ‘जतन करा’ दाबते.”

बाबांनी वाचलं : ‘गुरु. सायं. ७.१०. रंग निळा. सर्व बटणांची हालचाल व्यवस्थित. रुग्ण स्थिर. नातेवाइकांना दूर ठेवावे.’

त्यांनी ती ओळ दाबली. बेचाळीस दातांची बाई नाहीशी झाली आणि गुरुवार जसाच्या तसा परत आला. बाबांचा जीव भांड्यात पडला.

“आता उठा खुर्चीवरून,” आई म्हणाली.

“फक्त एकदा बघतो…”

“उठा!”

पाचच्या ठोक्याला वेबसाइट लागली. साडेपाचला डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

“सगळ्यांना आवडली! आणि सोबत नोंदींची यादी आलीय, तीही वाचली. किती शिस्तीचं काम हो तुमचं!”

बाबांची छाती फुगली. “हो, म्हणजे… सवयच आहे.”

“एकच कळलं नाही. रुग्ण म्हणजे वेबसाइट, हे लक्षात आलं. पण हे नातेवाईक कोण? फारच त्रास देतात का?”

बाबांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघण्यात अगदी गढून गेली होती.

“आता नाही देणार,” बाबा खालच्या आवाजात म्हणाले. “तेच बोलतायत.”