कोंडूकाकांच्या खळ्यावरचं पहिलं उड्डाण

विमानाचं पहिलं उड्डाण प्रमुख पाहुणे आल्याशिवाय करायचं नसतं, ही बाब जागतिक विमानविद्येच्या अजून ध्यानात आलेली नाही. टोकावड्यात ती आली, आणि त्याचं श्रेय अनिकेतला जातं.

विमान त्याच्या बहिणीचं, संघरत्नाचं. मुरबाडला डिप्लोमा करणाऱ्या या मुलीने फोमच्या शीट कापून, मोटर बसवून रिमोटवर उडणारं हातभर लढाऊ विमान तयार केलं होतं. एका विमान कारखान्याच्या चाचणी विभागात प्रशिक्षणाला मुलं घ्यायची होती. अट एकच: स्वतः बनवलेलं विमान जमिनीवरून उडून परत जमिनीवर उतरल्याचा अखंड व्हिडिओ, आज संध्याकाळपर्यंत. धावपट्टीसाठी कोंडूकाकांनी आपलं सारवलेलं खळं दिलं. त्यापायी भाताची झोडणी उद्यावर ढकलली, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

अनिकेतने स्वतःची चाचणी संचालकपदी नेमणूक केली. नेमणारा आणि नेमलेला एकच असल्याने मतभेद झाले नाहीत. त्याचा अनुभव दांडगा होता. जगभरातल्या लढाऊ विमानांच्या चाचण्या त्याने खाटेवर पडून मोबाईलवर पाहिल्या होत्या. आवाजाचा वेग पहिल्यांदा ओलांडणाऱ्या वैमानिकाच्या बरगड्या मोडलेल्या होत्या, आणि विमानाचा दरवाजा त्याने झाडूच्या दांड्याने लावला होता, हे तो कुणी न विचारता सांगे. विमानात तो कधी बसला नव्हता. माळशेज चढताना त्याला एसटीतही उलटी होते.

"पहिल्या उड्डाणाला मागून दुसरं विमान असतं, निरीक्षणाला," तो म्हणाला. "आपला दोस्त संदेश मोटारसायकलवर असंल. शूटिंग त्याच्याकडं, त्याचा कॅमेरा भारी."

"दादा, मला फोन धरायला फक्त एक माणूस पायजे."

"तुला विमान उडवायचंय गो. मला इतिहास घडवायचाय."

इतिहासाला टप्पे लागतात. सकाळी विमान खळ्यावर नुसतं चाललं, तेव्हा अनिकेतचा सत्कार झाला. मग मोटर पूर्ण वेगाने फिरली, तेव्हा कोंडूकाकांचा झाला. काकांनी मनोगत व्यक्त केलं, आणि संपेपर्यंत मोटर चालू ठेवायला लावली. यशस्वी उड्डाणाच्या अभिनंदनाचा फलक तर आदल्या दिवशीच छापून आला होता. त्यावर अकरा चेहरे होते, विमानाला जागा उरली नव्हती.

उरलं उड्डाण. त्यासाठी प्रमुख पाहुणे म्हणून माजी सभापती गोजरभाऊ ठरले. ते धसईला दुसऱ्या एका सत्कारात होते आणि त्यांना गाडी नव्हती. निरीक्षण विमान, म्हणजे संदेश, त्यांना आणायला गेला.

"मग शूटिंग?" संघरत्नाने विचारलं.

"पावण्यांशिवाय शूटिंग करणार कुणाचं?"

ऊन कलल्यावर भाऊ आले. हातात नारळ होता आणि तो विमानाच्या नाकावर फोडायचा त्यांचा मानस होता.

"भाऊ, या विमानापेक्षा तुमचा नारळ जड हाय," संघरत्ना म्हणाली.

भाऊंचा चेहरा उतरला. "मग मला एवढ्या लांब कशाला आणला रे?"

अनिकेतने तडजोड काढली. नारळ बांधावरच्या दगडावर फुटला, शाल भाऊंनाच घातली. "एसटी टायमावर येत नाय," भाऊ भाषणात म्हणाले, "पण आपल्या गावात आज लढाऊ विमान आलं." त्यांना एसटीचा विषय आवडला आणि ते तिथेच रमले.

नंतर सेल्फी. संदेशने हात लांब केला. खळ्याकडे पाठ करून सगळे उभे राहिले आणि पडद्यावर जो तो स्वतःला पाहू लागला.

संघरत्नाने एकदा बॅटरीचा दिवा पाहिला, एकदा मावळतीकडे पाहिलं, आणि कुणालाही न विचारता विमान सोडलं. ते सारवणावरून धावलं, भाताच्या भाऱ्यांवरून उचललं गेलं आणि वळण घेऊन सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं.

"कसला आवाज?" भाऊ म्हणाले. "हलू नका कुणी. फोटो खराब येतो."

अनिकेतला तो आवाज कळला. त्याची मान वळायला निघालीही होती. पण हसू नीट जमलं होतं, आणि शेजारी भाऊंचा हात खांद्यावर होता. तो हलला नाही.

मागे चाकं अलगद टेकल्याचा आवाज आला.

"परत उडव गो," तो वळून म्हणाला. "आता शूटिंग करू."

"बॅटरी संपली. उजेड पण."

फोटोत भाऊंच्या कानामागे एक पंख आला होता. अनिकेतने तो मोठा करून बहिणीला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. "उजवीकडं जरा झुकतंय," ती म्हणाली, आणि विमान काखेत घेऊन घरी गेली.

'टोकावड्याची गगनभरारी' हा फोटो अनिकेतने रात्री टाकला. शहापूरपासून कल्याणपर्यंत अभिनंदनाचा वर्षाव झाला. व्हिडिओ कुठे आहे, असं एकाच व्यक्तीने विचारलं. तिचं नाव संघरत्ना. बाकीच्यांनी अंगठे दिले. त्यात तुमचा अंगठा वरून तिसरा आहे.

पुढच्या फलकावर तुम्हाला घ्यायचं ठरलंय. बारावा चेहरा बसतो, हे मोजून पाहिलंय. काळा चष्मा लावलेला फोटो असेल तर पाठवा.