शिराझ आणि समोरचा दात

रविवारी दुपारी डॉक्टरांनी शिराझचा दुसरा ग्लास संपवला, हात धुवायला गेले आणि आरशात पाहून थबकले. दात जांभळे झाले होते. जीभ तर शाईची दौत चाटल्यासारखी.

डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर. बायकोच्या मामेभावाने दिलेली ही शिराझ नावाची लाल वाइन इतकी गडद होती, की ग्लासामागे धरलेलं बोटही दिसेना. पहिल्या घोटाला मिरीसारखा चटका, मग पिकून काळ्या झालेल्या फळांची गोडी, आणि शेवटी घशाशी रेंगाळणारी ऊब. एरवी चहासुद्धा उभ्याने पिणारा माणूस आज चक्क तासभर बसून होता. तेवढ्यात फोन वाजला.

फोन मोठ्या बाईंचा. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. समोरचा दात तुटला होता, दहा मिनिटांत येते म्हणाल्या आणि उत्तर न ऐकता फोन ठेवला. उद्या सकाळी त्यांच्याच शाळेत डॉक्टर सहाशे मुलांसमोर शुभ्र दातांवर बोलणार होते. पसंत पडले, तर दरवर्षीची तपासणी त्यांच्याकडे येणार होती.

डॉक्टरांनी ब्रश उचलला आणि पुन्हा ठेवला. वाइन आंबट, लगेच घासलं तर दातांचं कवच झिजतं, अर्धा तास थांबा, असं ते बावीस वर्षं लोकांना बजावत आले होते.

"मग थांबा की," बायको म्हणाली.

"बाई दहा मिनिटांत येतायत."

"मग घासा."

"कवच झिजेल गं."

त्यांनी चुळा भरल्या, सफरचंद चावलं, खिडकीपाशी जाऊन रस्ता पाहून आले, मग दूध तोंडात घोळवलं. दुधाने जांभळ्याचं राखाडी झालं. शेवटी बायकोने पेपरातून डोकं न काढता मास्क लावायला सुचवलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. दोन ग्लास पोटात असताना यंत्राला हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं आणि उद्या बोलवायचं, असं ठरवून ते खाली उतरले.

बाई तोंडावर रुमाल आणि काखेत मोठी पिशवी घेऊन आल्या. डॉक्टरांनी काय झालं ते विचारलं. बाईंनी मान हलवली. त्यांना कमी ऐकू येत असे आणि कानातलं यंत्र गडबडीत घरीच राहिलं होतं.

"मास्क काढा. ओठ दिसल्याशिवाय मला कळत नाही."

डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. बाईंचा वाचायचा चष्माही घरीच होता. खाणाखुणा करून झाल्या, त्यातून बाईंनी सगळे दात काढायचेत असा अर्थ काढला आणि त्या खुर्चीतून उठू लागल्या. नाइलाजाने डॉक्टरांनी मास्क उतरवला.

बाई त्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"दात कशाने तुटला?" डॉक्टरांनी ओठ शक्य तितके कमी उघडत विचारलं.

"अक्रोडाने," दिव्याकडे पाहत बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी आरसा आत घातला. तुटलेल्या कडेशी काहीतरी अडकलं होतं. ते त्यांनी चिमट्याने अलगद काढून पांढऱ्या थाळीत ठेवलं. बुचाचा तुकडा होता. दोघेही त्याच्याकडे पाहत बसले.

मग बाईंनी निमूटपणे पिशवीतून वाइनची बाटली काढली. बूच अर्धवट वर आलेलं, आणि त्यावर वरच्या दोन दातांचे ठसे इतके स्वच्छ, की पाहणाऱ्याला वेगळ्या मापाची गरज पडू नये.

"उघडायचं यंत्र सापडेना," त्या म्हणाल्या. "उद्याच्या भाषणात हे येणार नाही ना?"

"नाही. आणि माझं?"

"तुमचं काय? मला चष्म्याशिवाय रंग कुठे दिसतात."

डॉक्टरांनी कपाटातून दाढ काढायचा कोरा चिमटा आणला. बूच पकडलं, सरळ न ओढता आधी डावीकडे, मग उजवीकडे हलवून सैल केलं आणि अलगद वर घेतलं. बूच मुळासकट, अखंड बाहेर आलं.

"मागल्या वर्षी माझी दाढ काढलीत," बाई म्हणाल्या, "तेव्हा हा हलका हात कुठे होता?"