ओव्हाळ सरांची घागर

ओव्हाळ सर म्हशीशीसुद्धा इंग्रजीत बोलतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लोक चेष्टा करतायत असं मला वाटलं. मग एका सकाळी आमच्या डेअरीच्या दारात वाट अडवून उभ्या राहिलेल्या म्हशीपुढे ते हात बांधून उभे दिसले. अगदी अदबीनं म्हणाले, "मॅडम, काइंडली मूव्ह." म्हैस बाजूला झाली. माझ्या ओरडण्यानं ती कधी हललेली नाही, आणि हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण म्हैस माझीच आहे.

मी गावातल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. आमचं गाव तालुक्यापासून, म्हणजे केजपासून, जीपनं अर्ध्या तासावर. जीप भरेपर्यंत थांबावं लागतं तो वेळ वेगळा. सर आणि मी एकाच वर्गात होतो. तेव्हा ते नुसते मिलिंद होते. पण सर होण्याची लक्षणं तेव्हापासूनच होती. मास्तर चुकले तर हा हात वर करायचा आणि मार मात्र आम्ही सगळे खायचो.

पुढे एम.ए., बी.एड. करून ते गावाला लागूनच असलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. कामगारांच्या पोरांसाठी काढलेली शाळा. "पर्मनंट झालो की लग्न," असं त्यांनी पहिल्याच वर्षी जाहीर केलं. पर्मनंट काही झाले नाहीत. मुली बघायला जाणं आधी लांबलं, मग त्या गोष्टीचं नाव निघेनासं झालं. आई-वडील एकापाठोपाठ गेले. मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत सर एकटे राहायला लागले, आणि त्या सुमारास त्यांनी मराठी बोलणं जवळजवळ सोडलं.

सोडलं म्हणजे काय, तर सकाळी उठल्यापासून दिवस मावळेपर्यंत फक्त इंग्रजी. समोरच्याला येत असो की नसो. आणि समोरच्यानं एका शब्दात बोलायचं नाही हा नियम. मी विचारावं, "चहा?" तर हे बोट वर करून म्हणणार, "कम्प्लीट सेंटन्स, प्लीज." मग मी सबंध वाक्य जुळवायचं, तोवर चहा निवायचा. एसटीच्या कंडक्टरनं "कुठं?" म्हटलं तरी हेच. एकदा तर चालत्या गाडीत कंडक्टरकडून त्यांनी "व्हेअर डू यू वॉन्ट टु गो, सर?" वदवून घेतलं आणि मगच सुटे पैसे काढले. त्यानंतर तो कंडक्टर त्यांना नेहमी पुढची सीट द्यायचा.

मग सलग दुष्काळ पडला. ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंड झालं, कामगार मिळेल तिकडं पांगले, आणि पोरंच नाहीत म्हणून शाळेला कुलूप लागलं. माझ्या डेअरीतले दुधाचे कॅन पालथे पडले. अर्धी जनावरं चारा छावणीला गेलेली. मी दिवसभर फॅट काढायच्या मशीनवरची धूळ पुसत बसायचो आणि सर माझ्यासमोर बसायचे. एकदा म्हणाले, "मिस्टर सेक्रेटरी, अ टीचर विदाउट अ क्लास इज ओन्ली अ मॅन टॉकिंग." वर्ग नसला की मास्तर म्हणजे नुसता बडबडणारा माणूस. मला तेवढं इंग्रजी कळतं. कळलं, आणि मी चहा मागवला.

वर्ग नाही म्हणून त्यांनी एक वर्ग शोधून काढला. डेअरीसमोर पाण्याची काळी टाकी आहे. दिवसाआड टँकर येऊन त्यात पाणी सोडतो. टाकीला नळ एकच. बायाबापड्या उन्हात किती वेळ उभ्या राहणार? म्हणून माणसाऐवजी घागर उभी राहते. पहाटे येऊन आपली घागर रांगेत ठेवायची आणि कामाला निघून जायचं. घागर तिथं आहे म्हणजे माणूस तिथं आहे. आमच्याकडं घागरीच्या नंबराला फार मान. आणि तो नंबर कुणी हळूच पायानं पुढं सरकवला, की जी भांडणं लागायची ती ऐकून टँकरचा ड्रायव्हर केबिनची काच वर करायचा.

ही भांडणं सरांनी ताब्यात घेतली. टँकर आला की सर रांगेत फिरणार. प्रत्येक घागरीशी थांबणार आणि विचारणार, "हूज पॉट इज धिस?" मालकिणीनं उत्तर द्यायचं, "धिस इज माय पॉट." नाही दिलं तर घागर शेवटाला. बायांनी आधी सरांच्या सात पिढ्या काढल्या. केशरबाई नावाची आमच्या गल्लीतली बाई, जिच्यापुढं सरपंचही आवाज खाली घेतो, ती म्हणाली, "आवं सर, पान्यासाटी विंग्रजी? घशाला कोरड पडलीय आन् तुमचं हे काय चाललंय?"

सर शांतपणे म्हणाले, "कम्प्लीट सेंटन्स, प्लीज."

महिन्याभरात सगळी रांग शिकली. केशरबाई तर इतकी तयार झाली, की एकदा कुणीतरी तिची घागर हलवली तेव्हा ती तिकडून ओरडत आली, "धिस इज माय पॉट बे! हात लावून बग!" सरांनी 'बे' काढायला लावला.

पण बाया पाणी घेऊन घरी गेल्या की वर्ग सुटायचा, आणि सर पुन्हा माझ्यासमोर. एका दुपारी डेअरीच्या कॉम्प्युटरवर काहीतरी वाचता वाचता ते ताठ बसले. चीनमधल्या एका शहरात लहान मुलांना इंग्रजी शिकवायला मास्तर पाहिजे होते. मी म्हणालो, "चीन?" आणि त्यांचं बोट वर जायच्या आत घाईनं वाक्य पुरं केलं.

मग अर्जांचा सपाटा सुरू झाला. बहुतेक ठिकाणांहून एकच उत्तर यायचं: ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असेच शिक्षक हवेत. सर ते वाचून चष्मा पुसायचे आणि पुढचा अर्ज करायचे. गावात बातमी फुटलीच. पारावर पोरं म्हणाली, हितली शाळा बंद पडली, आता चीनचा नंबर. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, "चीनला कावून?" त्यालाही सरांनी सबंध वाक्य करायला लावलं. पासपोर्ट मिळाला हे नवल.

शेवटी लांचौ नावाच्या शहरातल्या एका शिकवणीच्या शाळेनं त्यांना मोबाइलवर मुलाखतीला बोलावलं. मी विचारलं, एवढ्या मोठ्या देशात हेच गाव का? सर त्या दिवशी चक्क मराठीत बोलले. "गावाच्या मधून नदी जाते, दत्ता. बारा महिने."

"पण पाणी पिवळं असतं म्हणे तिचं."

"पिवळं का असंना. असतं ना?"

मुलाखत डेअरीत ठेवली, कारण इंटरनेट तिथंच. फॅटच्या मशीनला टेकवून मोबाइल उभा केला. सरांनी भर उन्हाळ्यात कोट घातला होता. पडद्यावर त्या शाळेच्या ली मॅडम, वयानं लहान, केस कापलेल्या, अतिशय गंभीर. प्रश्नोत्तरं झाली. मग त्या म्हणाल्या, आता समोर लहान मुलं आहेत असं समजून शिकवून दाखवा. लहान मुलं म्हणजे मी. पन्नाशीचा, दोन माणसांचं वजन असलेला, स्टुलावर बसलेला. सरांनी मला फुलपाखरू व्हायला सांगितलं. झालो. हात हलवत "आय ॲम अ बटरफ्लाय" म्हणालो. ली मॅडम हसल्या नाहीत. उलट सरांनाच म्हणाल्या, सर, तुम्ही जरा हसा, मुलांना कडक शिक्षक आवडत नाहीत. सरांनी हसायचा प्रयत्न केला. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. दाढ काढताना माणूस करतो तसा. मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं, आणि संपलं सगळं असं माझ्या मनानं घेतलं. खरं सांगतो, त्या बाईचा मला राग आला. वीस वर्षं शिकवलेला माणूस तिच्यापुढं दात दाखवत उभा होता.

आणि नेमका तेव्हा टँकर आला. यायला अजून तासभर अवकाश होता, पण आला. बाहेर एकच कालवा उठला. "माजी घागर कुनी सरकिवली गं?" केशरबाईचा आवाज. पाठोपाठ घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज.

सरांचे कान टवकारले. आणि मग त्यांनी जे केलं ते जगातला दुसरा कुठला उमेदवार करणार नाही. मुलाखत चालू आहे हे ते साफ विसरले. मोबाइल उचलून, तसाच हातात धरून, तरातरा बाहेर गेले. मी मागं पळालो. "सर, ली मॅडम! सर, चीन!" पण ते रांगेत पोचले होते.

"सायलेन्स!"

रांग गप्प झाली.

"हूज पॉट इज धिस?"

"धिस इज माय पॉट," पहिली म्हणाली.

"अँड धिस?"

"धिस इज माय पॉट. शी इज पुशिंग माय पॉट," दुसरी म्हणाली. हे वाक्य सरांनी शिकवलेलं नव्हतं. तिनं स्वतः केलं होतं. सर थबकले, आणि मग हसले. करून दाखवायचं ते हसू नव्हे, पार डोळ्यांपर्यंत गेलेलं. "व्हेरी गुड! एव्हरीबडी!" आणि सगळी रांग, पदर खोचलेल्या, कपाळावर घाम आलेल्या, एका सुरात ओरडली, "शी इज पुशिंग माय पॉट!" जिच्यावर आरोप होता तीसुद्धा ओरडली.

मोबाइल सरांच्या हातात वर धरलेलाच होता. मी बघितलं तर ली मॅडम तोंडावर हात धरून हसत होत्या. त्यांनी आणखी तिघींना बोलावून घेतलं होतं आणि त्या चौघी पडद्यात दाटीवाटीनं बसून आमची रांग बघत होत्या. केशरबाईनं मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, "ह्या कोन? ह्यांच्याकडं पानी येतंय का रोज?"

नोकरी मिळाली. शिक्के, सह्या, दिल्लीच्या खेपा यांत पुढचे काही महिने गेले, पण मिळाली.

निघायच्या दिवशी सकाळी केजची जीप डेअरीसमोर उभी होती. टँकरचाच दिवस. सर नेहमीसारखे आले, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात त्यांची हिरवी प्लॅस्टिकची घागर, गळ्याला तार गुंडाळलेली. त्यांनी घागर रांगेत, आपल्या नंबराला ठेवली. सरळ केली.

केशरबाई म्हणाली, "सर, तुमी तर चाललाव. मंग घागर कावून ठुली?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग घागरीकडं. "धिस इज माय पॉट," एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. सगळे हसले. मीही हसलो. जीप गेली, बाया पाणी भरायला लागल्या, आणि मी डेअरीत येऊन बसलो. मग मला ते उमगलं. शेत नाही, बायकापोरं नाहीत, दोन खोल्यांना कुलूप. गावात त्यांची म्हणावी अशी जागा उरली होती ती तेवढीच. मला त्या दिवशी काही काम सुचलं नाही. नाहीतरी काम नव्हतंच.

पंधरा-वीस दिवसांनी फोन आला. जाण्याआधी तिकडचं कुठलंसं ॲप त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये टाकून ठेवलं होतं. पडद्यावर सर, मागं भिंतीवर रंगीत कागदाची फुलं. मी चांगला पाठ करून ठेवलेला सेंटन्स म्हटला, "गुड मॉर्निंग, सर. हाऊ आर यू इन चायना?"

"गप बे, दत्त्या," सर म्हणाले. "दिवसभर तेच हाय. मराठीत बोल. शिव्या दे पायजे तर."

आणि मग ते जे सुटले! इतक्या वर्षांची मराठी तुंबली होती जणू. पोरं लई गोड हायेत. हासाया शिकलोय मी. बेडूक बी होतो वर्गात, उड्या मारतो. नदी बगितली. पिवळीच हाय, पर केवडी! पयल्या दिवशी पुलावर नुसता हुबा ऱ्हायलो बग, येणारे-जाणारे म्हनले असतील ह्याला काय झालं. हितं नळ सोडून लोक दात घासतेत, दत्त्या, मला बगवत न्हाई. मी नुसता हूं हूं करत होतो. या माणसाला इतकं बोलता येतं हे मी विसरून गेलो होतो.

मध्येच ते थांबले. "टँकरचा दिवस हाय ना आज?"

मी मोबाइल घेऊन बाहेर गेलो आणि रांगेकडं धरला. लाल, निळ्या, पिवळ्या घागरी. आणि त्यांच्यात, आपल्या नंबराला, गळ्याला तार गुंडाळलेली हिरवी. मी ठेवली नव्हती. दर खेपेला केशरबाई ठेवायची, भरायची, आणि ते पाणी बंद शाळेच्या आवारात सरांनी लावलेल्या लिंबाच्या दोन झाडांना घालून यायची. तिनं ते मला कधी सांगितलं नाही, मीच तिला जाताना बघितलं होतं.

सर पडद्याच्या अगदी जवळ आले. नाक आणि चष्माच तेवढा दिसत होता.

"माजी घागर..." ते म्हणाले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पुन्हा म्हणाले, "माजी घागर..."

केशरबाईनं माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला. पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग बोट वर केलं.

"कम्प्लीट सेंटन्स, प्लीज," ती म्हणाली.