वाघबकरीचा चित्रकथा विशेषांक

कनेरगाव नाक्याच्या वाचनालयात वाचायला कुणी येत नसे. लोक यायचे ते ओट्यावर. ओट्याच्या फरशीवर वाघबकरीचा पट कोरलेला होता आणि दोन वाघ, पंधरा बकऱ्या मांडून तिथे सकाळपासून डाव चालत. आत अकरा वर्षांपासूनचे सचिव मसाजी मास्तर एकटेच बसत आणि बाहेरच्या गोंगाटाला अडाणीपणा म्हणत. तो डाव कसा खेळतात हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. वाकणं त्यांच्या पदाला शोभत नसे.

दरवर्षी वार्षिक सभेत वाचनालयाचा हस्तलिखित अंक निघे. एकच प्रत. त्यात मास्तरांचा ‘शिस्त’ हा लेख आणि उरलेल्या जागेत मास्तरांच्याच कविता. १९७४ च्या सभेत मात्र सचिवाची निवडणूक होती आणि या खेपेला लोक आपल्याला उठवणार, अशी कुजबुज मास्तरांच्या कानावर आली होती. खुर्ची गेली तर त्यांना ‘सचिवसाहेब’ म्हणणारं गावात कुणी उरणार नव्हतं. घरात तर आताही कुणी म्हणत नव्हतं. म्हणून मतांसाठी त्यांनी ठरवलं की यंदाचा अंक चित्रकथांचा काढायचा, आणि तोही ओट्यावरच्या खेळावर. तीन चित्रकार, तीन कथा, संपादक मसाजी.

चित्रकार म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा सोनाजी, ट्रकांच्या मागे कमळं काढणारा मुंजाजी आणि लग्नघरांच्या भिंती रंगवणारी पंचफुलाबाई. बाईंच्या स्वतःच्या चाळीस शेळ्या होत्या आणि ओट्यावर त्यांना हरवणारा अजून जन्माला यायचा होता. मास्तरांनी तिघांना वेगवेगळं बोलावलं.

“वाघ कसा पाहिजे मास्तर?” सोनाजीनं विचारलं.

“रुबाबदार. झुपकेदार मिशा. आणि चष्मा.”

“वाघाला चष्मा काहून?”

“विचारी वाघ आहे तो.”

सोनाजीनं मास्तरांच्या मिशा पाहिल्या, चष्मा पाहिला आणि पुढं काही विचारलं नाही. बाकी दोघांनाही मास्तरांनी हेच सांगितलं. कथेच्या शेवटाबद्दल मात्र ते कुणाशीच बोलले नाहीत. वाघ म्हटल्यावर तो जिंकणारच, यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं.

सभेच्या दिवशी सकाळी पानं आली. सोनाजीच्या कथेत चष्मेवाला वाघ चार बकऱ्या खाऊन ढेकर देतो आणि शेवटच्या चित्रात पटाच्या कोपऱ्यात अडकून बसतो. मुंजाजीच्या कथेत तो कमळांच्या मधोमध अडकतो. पंचफुलाबाईंच्या कथेत तर बकऱ्यांनी त्याला घेरलंय आणि एक म्हातारी शेळी निवांतपणे त्याची मिशी चघळत उभी आहे.

“हे काय करून ठेवलंत?” मास्तर कसेबसे म्हणाले.

“डाव तसाच असतो की,” मुंजाजी म्हणाला. “बकऱ्या बराबर खेळल्या तर वाघाला हलायला जागा ऱ्हात न्हाई. लेकराला बी ठाऊक हाये.”

मास्तरांना ठाऊक नव्हतं. सभा चार वाजता होती, नवी चित्रं काढायला वेळ नव्हता. मग त्यांच्या सुपीक डोक्यातून तोड निघाली. बकऱ्या जिंकतात ना, मग आपण बकऱ्यांच्या बाजूला जायचं.

“वाघाच्या मिशा आणि चष्मा पुसा,” ते म्हणाले. “आणि बकऱ्यांना लावा.”

“समद्या बकऱ्यायला?” सोनाजीनं विचारलं.

“सगळ्यांना. एकीला लावलं तर दुसऱ्यांवर अन्याय होईल.”

सोनाजी आणि मुंजाजी पांढरा आणि काळा रंग घेऊन बसले आणि तीन वाजेपर्यंत शेळ्यांना मिशा काढत राहिले. पंचफुलाबाईंनी मात्र साफ नकार दिला.

“रोज सकाळी शेळ्यायचं तोंड पाहून राहिले मी. मिशीवाली एक बी न्हाई.”

वाचनालयाच्या फळ्यावर तिघांची नावं आधीच लागली होती, त्यामुळे बाईंची पानं गाळताही येईनात. मास्तरांनी ती सगळ्यात शेवटी लावली. आपले अंक शेवटापर्यंत कुणी वाचत नाही, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. मिशा पुसल्यावर वाघाचं तोंड गोल, गुळगुळीत आणि दुहेरी हनुवटीचं झालं होतं. गावात असं तोंड एकच होतं, ते वाचनालयाचे अध्यक्ष नामाजीआबांचं. मास्तरांनी पानं तपासली होती, पण फक्त मिशा बघायला.

सभेत नामाजीआबांनी अंक उघडला आणि लोकांना दाखवत एकेक पान उलटू लागले. आधी हसू दाबलं गेलं, मग ते दाबेना.

“हा वाघ कोण?” आबांनी शांतपणे विचारलं. “अन्‌ ह्या बकऱ्या तर मास्तर, तुमी दिसून राहिलात. समद्याच.”

“कल्पना आहे आबा. निव्वळ कल्पना.”

आबांनी ‘शिस्त’ कधी वाचली नसेल, पण हा अंक त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचला. मिशी चघळणाऱ्या शेळीपाशी ते थांबले; तिथल्या वाघाच्या मिशा आणि चष्मा तसाच होता.

“म्हंजे आधी तुमी मला घेरलं,” ते म्हणाले, “अन्‌ मंग लोकायनं तुमाला.”

“ते शेवटचं या बाईंचं काम आहे,” मास्तर घाईनं म्हणाले.

पंचफुलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “म्या खेळ काढला. तोंडं तुमी लावली.”

आता एकच बचाव उरला होता आणि तो मास्तरांनी सगळ्या सभेसमोर केला. “आबा, मला तो खेळच येत नाही हो. मी कुणाला काय घेरणार?”

“खेळ येत न्हाई,” आबा म्हणाले, “अन्‌ खेळाच्या अंकाचे संपादक.”

सोनाजीनं उभं राहून सचिवपदासाठी पंचफुलाबाईंचं नाव सुचवलं. बाई म्हणाल्या, “मला सही करता येती. लेख लिहिता येत न्हाई.” लेख येत नाही म्हटल्यावर सभेनं एकमुखानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि भराभर हात वर झाले. आबांचाही झाला. मास्तरांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. एवढ्या हातांत आपलाच हात खाली दिसतोय, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनीही हात वर केला.