नर, सोबत सापडलेला

गेल्या सोमवारी आमच्या प्रयोगशाळेतल्या परभक्षी कोळ्यांनी माझं वर्गीकरण करायला घेतलं. हे कोळी म्हणजे पानांवरची कीड फस्त करणारे, टाचणीच्या डोक्याहूनही लहान जीव. आजवर मीच त्यांचं वर्गीकरण करत आलो, तेव्हा हरकत घ्यायला मला तोंड नव्हतं. मी शर्ट काढला आणि टेबलावर पालथा पडलो.

त्यांच्या प्रमुख बाई माझ्या पाठीवरून सावकाश फिरल्या. पाठीवरच्या केसांवरून प्रजाती ठरवायची, ही पद्धत आमचीच.

"केस विरळ आहेत, नेर्लेकर सर."

"वयोमानाने, बाई. पण मी परभक्षी आहे, एवढं लिहून घ्या. विभागात माझा दरारा आहे."

"कुणाला खाल्लंत?"

मी बराच विचार केला. सहकाऱ्यांचं डोकं सोडलं तर काहीच आठवेना.

"असू दे," बाई म्हणाल्या. "तसंही नरावरून प्रजाती ठरत नाही. मादी लागते. मादी सापडली नाही, तर नर अनिर्धारित म्हणून बाटलीत जातो."

हा नियमही माझाच लाडका. असे कितीतरी नर मी स्पिरिटच्या बाटलीत टाकले आणि वर निवांत चहा घेतला. कोपऱ्यातली बाटली पाहिली, ती माझ्या मापाची होती. माझी पाचावर धारण बसली.

माझी बायको शालन दिवाळीपासून कराडला, भावाकडे राहते. "तुम्हाला घरातलं माणूस दिसायलासुद्धा भिंग लागतं," असं म्हणून गेली. मी फोन केला. ती दुपारच्या एसटीने आली. बाईंनी तिला एका नजरेत ओळखलं.

"उत्तम नमुना," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

"हा नर तुमच्यासोबत सापडला का? एकाच पानावर?"

शालन माझ्याकडे बघत राहिली. मी पालथाच, मान वळवून केविलवाणा हसत होतो. मला फार भीती वाटत होती, आणि बाटलीची त्यात निम्मीच होती.

"पान माझं होतं," ती अखेर म्हणाली. "हे येऊन बसले. पण सोबत होते, हो."

बाईंनी तशी नोंद केली आणि माझ्या पाठीवर लेबल चिकटवलं. मला इतका आनंद झाला की परभक्षी की आणखी कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.

"कराडची शेवटची गाडी साडेपाचला आहे," मी शर्ट शोधत म्हणालो.

"जाऊ दे ती," शालन म्हणाली, आणि लेबलाचा सुटलेला कोपरा तिने तळहाताने नीट दाबून बसवला.